तपासणीचा कागद वेगळा, संशोधनाचा कागद वेगळा

वाचकाचे पत्र

माझे यजमान ३८ वर्षांचे असून तुर्भे येथील घाऊक बाजारात माथाडी काम करतात. आम्ही कळव्याला राहतो. पंधरा-सोळा वर्षे त्यांना आधी गुटख्याची आणि नंतर माव्याची सवय होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तंबाखू सोडली, पण भाजकी सुपारी अजून खिशात असतेच. वर्षभरापासून त्यांना तिखट अजिबात चालत नाही, साध्या आमटीनेही तोंडाची आग होते, आणि तोंड इतके कमी उघडते की भाकरी कुस्करून दिल्याशिवाय त्यांना खाता येत नाही. एका दंत महाविद्यालयात दाखवले तेव्हा डॉक्टरांनी सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गालाचे आतले अस्तर कडक होत जाण्याचा आजार, असल्याचे सांगितले. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, तेथील तुकडा काढून तपासायला हवा असेही ते म्हणाले आणि त्याच वेळी एका संशोधनात भाग घ्याल का, असे विचारून चार पानांचे संमतिपत्र हातात दिले. त्या संशोधनात काही रुग्णांना गालात इंजेक्शने देणार आहेत आणि काहींना इंजेक्शनांबरोबर गोळ्याही देणार आहेत. कोणाला काय मिळेल हे चिठ्ठीवर ठरणार आहे. सासूबाई म्हणतात, तुकडा काढला की रोग पसरतो. दीर म्हणतात, गरिबांवर प्रयोग करतात. या गोंधळात यजमानांनी तपासणीची तारीख चुकवली. आम्ही सही करावी की नाही?

ता. क. माझाही जबडा जेवताना उजव्या कानाजवळ कट्-कट् वाजतो. दुखत नाही. एका दवाखान्यात दात थोडे घासून चावा बरोबर करून घ्या, असे सुचवले आहे. करावे का?

– एक भगिनी, कळवा

उत्तर

प्रिय ताई,

सही करावी की नाही, असा एकच प्रश्न तुम्ही विचारला आहे. मात्र त्यात दोन निर्णय एकमेकांत अडकले आहेत आणि ते आधी मोकळे करून घेतले पाहिजेत. चट्ट्याचा तुकडा काढून तपासणे ही तुमच्या यजमानांच्या उपचाराची गरज आहे. संशोधन नसते तरी कोणत्याही जबाबदार डॉक्टरांनी ती तपासणी सांगितलीच असती. संशोधनात भाग घेणे हा त्यांच्या मर्जीचा विषय आहे. त्यासाठी आठ-पंधरा दिवस विचार केला, चार जणांशी बोलले आणि शेवटी नको म्हटले, तरी त्यांच्या उपचारात काही फरक पडता कामा नये. म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की, संमतिपत्राचा निर्णय झालेला असो वा नसो, तुकडा तपासणीची नवी तारीख या आठवड्यातच घ्या.

हा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी कोपरीहून एक रिक्षाचालक माझ्याकडे आले होते. त्यांच्या गालात असाच चट्टा होता आणि त्या वेळी आमच्या विभागात एक अभ्यासही चालू होता. घाईच्या त्या सकाळी मी तपासणीचा कागद आणि अभ्यासाचा कागद असे दोन्ही एकदमच त्यांच्यापुढे ठेवले आणि ‘येथे आणि येथे सही करा’ असे सांगितले. आपल्यावर काहीतरी प्रयोग होणार आहे, अशी त्यांची समजूत झाली आणि ते उठून गेले. चौदा महिन्यांनी ते परत आले तेव्हा चट्ट्याच्या जागी कडक कडांची जखम झालेली होती. दोष त्यांच्या भीतीचा नव्हता, माझ्या मांडणीचा होता. तुमच्या यजमानांनी तारीख चुकवली याबद्दल त्यांना कोणी बोल लावू नये. दोन वेगळ्या गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या गेल्या की बहुतेक माणसे दोन्ही नाकारतात.

आता आजाराकडे येऊ. हा आजार आपल्याकडे नवा नाही. १९५२ साली केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईतील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक जोशी यांनी तो येथील रुग्णांत नोंदवला. त्याचे मुख्य कारण सुपारी हे आहे, आणि तुमच्या पत्रातील मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य ‘भाजकी सुपारी अजून खिशात असतेच’ हे आहे. तंबाखू सोडली म्हणजे आपण सुटलो असे यजमानांना वाटत असेल, तर ते स्वाभाविक आहे. सुपारी आपल्याकडे पूजेच्या तबकात असते, जेवणानंतरच्या पानात असते, तिला कोणी व्यसन म्हणत नाही. परंतु सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य गालाच्या अस्तराखालच्या, तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते, सुपारीत भरपूर असलेले तांबे हे तंतू एकमेकांना घट्ट सांधणाऱ्या एन्झाइमला बळ देते, आणि तिच्यातील टॅनिनमुळे जुने तंतू मोडून काढण्याची शरीराची व्यवस्था मंदावते. तंतू वाढत जातात, सांधले जातात आणि मोडले मात्र जात नाहीत. असे वर्षानुवर्षे चालले की मऊ गालाचे चामडे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसाला कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली, तरी सुटी सुपारी पानाच्या प्रत्येक ठेल्यावर मिळते, आणि म्हणूनच तिच्याविषयी घरातच बोलावे लागते.

तुम्ही एक साधी गोष्ट घरी करून पाहा. यजमानांना स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकत्र जुळवून, उभी करून समोरच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी तोंडात तिन्ही बोटे सहसा मावतात. मोजपट्टीने मोजले तर ते अंतर साधारण ४० ते ५० मिलिमीटर भरते, आणि ३५ च्या खाली गेले की तोंड कमी उघडते असे आम्ही मानतो. नंतर स्वच्छ धुतलेले बोट गालाच्या आतून वरून खाली फिरवले, तर अस्तराखाली सुतळीसारखे उभे पट्टे लागतील. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती पूर्वीइतकी येत नाही, गाल फुगवायला सांगितले तर ते फुगत नाहीत, शीळ वाजत नाही. जे आकडे मिळतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा, कारण पुढे उपचाराचा उपयोग होतो आहे की नाही हे त्या वहीवरूनच समजेल.

चट्टा का तपासायचा, हे समजण्यासाठी एक अभ्यास उपयोगी पडेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधकांनी केरळमधील एर्नाकुलम येथे या आजाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्के रुग्णांना, तोंडाचा कर्करोग झाल्याचे दिसले. बाकीच्या ६१ जणांना त्या काळात तो झाला नाही, हेही सासूबाईंना सांगा. हा आजार म्हणजे कर्करोग नव्हे, पण ज्या जमिनीत तो उगवू शकतो अशी ती जमीन आहे, आणि तिच्यावर वेगळा दिसणारा पांढरा किंवा लाल चट्टा उमटला की तो नुसता डोळ्यांनी पाहून सोडून देता येत नाही. लालसर चट्ट्याची, किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असलेल्या चट्ट्याची, आम्हाला अधिक धास्ती वाटते. निळ्या रंगाचा द्रव लावून किंवा खास प्रकाश टाकून चट्टा पाहण्याच्या पद्धती काही ठिकाणी वापरतात. २०२१ साली अशा सर्व चाचण्यांचा जो मोठा आढावा घेतला गेला, त्याचा निष्कर्ष असा होता की त्यांपैकी एकही तुकडा तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

सासूबाईंच्या भीतीकडे मी हलक्याने पाहत नाही. त्यांनी बहुधा कोणाच्या तरी बाबतीत पाहिलेले असेल की तुकडा काढला आणि सहा महिन्यांत माणूस खंगला. आपल्याकडे बहुतेक लोक तपासणीला येतात तेच मुळी जखम मोठी झाल्यावर, मानेत गाठ आल्यावर. त्या वेळी आजार आधीच पसरलेला असतो, तुकडा काढल्यावर त्याचे नाव कळते, आणि पुढची घसरण लोकांच्या मनात त्या तुकड्याशी जोडली जाते. योग्य रीतीने केलेल्या तोंडाच्या तुकडा तपासणीमुळे रोग पसरून रुग्णाचे आयुष्य घटते, याला भरवशाचा पुरावा नाही. ती न केल्याने वेळ जातो, याची उदाहरणे मात्र माझ्या विभागाने पुष्कळ पाहिली आहेत.

प्रत्यक्षात काय होते तेही सांगतो, कारण ठाऊक नसलेल्या गोष्टीचीच जास्त भीती वाटते. दात काढताना देतात तशीच भूल त्या जागी दिली जाते आणि टोचण्याचे दुखणे तेवढे क्षणभर होते. मग चट्ट्याचा जो भाग सर्वांत संशयास्पद वाटतो तेथून, कडेचा थोडा निरोगी भाग धरून, डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, एक-दोन टाके घालतात आणि तुकडा फॉर्मॅलीनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. सगळे मिळून अर्धा तास पुरतो. त्या दिवशी गार आणि मऊ खावे, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. यजमान रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ती मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना सांगावे. तोंड कमी उघडत असल्यामुळे डॉक्टरांना हात फिरवायला जागा थोडी असते, म्हणून अनुभवी व्यक्तीकडून तुकडा काढून घेण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही.

अहवाल येईल तेव्हा त्यात ‘डिस्प्लेजिया’ हा शब्द आहे का आणि असल्यास तो सौम्य, मध्यम की तीव्र आहे, हे विचारा. पेशींची ठेवण बिघडू लागली आहे, असा त्याचा अर्थ आहे. ही प्रतवारी सूक्ष्मदर्शकाखाली माणूसच ठरवतो. एकाच काचपट्टीवर दोन चांगल्या तज्ज्ञांचे मत वेगळे पडू शकते, हे संशोधनातून वारंवार दिसलेले आहे. म्हणून अहवाल मध्यम किंवा तीव्र असला, तर काचपट्ट्या मागून घेऊन दुसऱ्या ठिकाणी दाखवाव्यात. रुग्णाने त्या मागण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. तुमच्या भागातून परळच्या टाटा रुग्णालयाइतकेच खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटाचेच कर्करोग केंद्रही जवळ आहे, आणि यजमान रोज ठाण्यावरून तुर्भ्याला जातातच. अहवालात काही नाही असे आले तरी तेवढ्यावर समाधान मानून घरी बसू नये, कारण तो तुकडा त्या दिवशीच्या त्या जागेविषयी बोलतो. दर तीन-चार महिन्यांनी तोंड दाखवत राहावे आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा आरशापुढे बॅटरी लावून स्वतः पाहावे. तोंडात नुसते नीट पाहण्याला किती किंमत आहे, हे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मोठ्या अभ्यासाने दाखवले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. घरात आणखी कोणाला सवय असेल, तर त्यांनाही त्याच दिवशी बरोबर घेऊन जा.

आता संशोधनाविषयी. तुमच्या दिरांनी जो संशय व्यक्त केला, तो बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर मोघम दिलाशाने देता येणार नाही. आधी हे पाहू की चिठ्ठी कशासाठी टाकतात. समजा, मी पन्नास रुग्णांना गालात इंजेक्शने दिली आणि तीन महिन्यांनी त्यांचे तोंड सरासरी चार मिलिमीटर जास्त उघडू लागले. हे इंजेक्शनाने झाले असे मला म्हणता येईल का? त्याच तीन महिन्यांत त्यांनी डॉक्टरांच्या धाकाने सुपारी कमी केली, रोज तोंडाचे व्यायाम केले, तिखट टाळल्यामुळे आग कमी झाली आणि म्हणून ते न घाबरता तोंड उघडू लागले. शिवाय मोजणारा मीच, आणि उपचार देणाराही मीच. मोजपट्टी दाताच्या कडेवर थोडी तिरकी धरली तरी दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात, आणि आपल्या औषधाचा गुण यावा असे ज्याला मनापासून वाटते त्याच्या हातून ते नकळत एकाच दिशेने होतात. म्हणून रुग्णांचे दोन गट करतात, कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठीवर सोडतात आणि मोजणाऱ्या व्यक्तीला गट कळू देत नाहीत. चिठ्ठी म्हणजे बेफिकिरी नव्हे. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे खरोखर ठाऊक नसते तेव्हा सर्वांना सारखी संधी देण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे.

आणि सबम्युकस फायब्रोसिसच्या बाबतीत ते खरोखर ठाऊक नाही, हे मी एक डॉक्टर म्हणून स्पष्टपणे सांगतो. स्टेरॉइडची आणि ऊती सैल करणाऱ्या हायल्युरोनिडेजची इंजेक्शने, टोमॅटोतील लायकोपीन, हळदीतील कर्क्युमिन, रक्तप्रवाह सुधारणारी पेन्टॉक्सिफायलीनची गोळी, असे पुष्कळ काही वापरले जाते. अनेकांना त्यातून काही प्रमाणात आराम पडतो. परंतु २००८ साली जगभरातील उपचारांचा कसून आढावा घेतला गेला तेव्हा कसोटीला उतरलेले अभ्यास अवघे दोन निघाले, त्यांत मिळून ८७ रुग्ण होते, आणि कोणत्याही उपचाराची ठाम शिफारस करता आली नाही. त्यानंतर अभ्यास बरेच झाले असले तरी पुष्कळसे लहान आहेत आणि तीन-सहा महिन्यांतच थांबतात. हा आजार मात्र माणसाबरोबर तीस वर्षे राहतो. ज्या आजाराचे सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत, त्याचे उत्तर आपल्याच रुग्णांच्या सहभागातून मिळायचे आहे. बाहेरून ते कोणी आणून देणार नाही.

असे उत्तर मिळते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण परळचेच आहे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तर मानेतील ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की पुढे गाठ आली तरच काढाव्यात, यावर जगभरातील शल्यचिकित्सकांत अनेक दशके वाद होता. दोन्ही बाजूंना नामवंत माणसे होती आणि दोन्ही बाजू आपापल्या अनुभवाचा हवाला देत होत्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांची चिठ्ठीनुसार दोन गटांत विभागणी केली. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशोब २०१५ साली मांडला गेला, तेव्हा सुरुवातीलाच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे साधारण दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचला होता. आज जगात कोठेही असा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी गेला तर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे हे आकडे असतात. ते मुंबईत आलेल्या, त्या कागदावर सही केलेल्या रुग्णांनी दिलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला नेहमी कृतज्ञता वाटत आली आहे.

याचा अर्थ कोणत्याही संमतिपत्रावर डोळे मिटून सही करावी, असा मात्र नाही. पहिली गोष्ट भाषेची. ते पत्र तुम्हाला वाचता येईल अशा मराठीत असले पाहिजे, आणि त्याची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. त्यात आचार समितीची मान्यता आणि समितीच्या सचिवांचा संपर्क दिलेला असतो. या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी आणि वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्तीही असते, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. दिरांची शंका मांडण्याची ती हक्काची जागा आहे. उपचारांच्या चाचण्यांची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत केलेली असते. त्या नोंदणीचा क्रमांक मागून घ्या आणि मोबाइलवर घालून पाहा, म्हणजे काय तपासणार, किती रुग्ण घेणार आणि काय मोजणार हे सर्व उघड दिसेल. केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च रुग्णावर पडू नये, आणि संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई मिळावी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनी उपचाराची आणि भरपाईची तरतूद कायद्यातच केली आहे. यजमानांचा एका दिवसाचा रोजगार बुडतो, तेव्हा येण्या-जाण्याचा खर्च कोण देणार, हे विचारायला संकोचू नका.

माझ्या मते तुमच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिला असा की चट्ट्याचा अहवाल येण्याआधी यजमानांना अभ्यासात घेणार आहेत का. घेणार असतील तर थांबा. चट्टा कसला आहे हे कळल्याशिवाय गालात स्टेरॉइड टोचणे मला मान्य नाही, आणि चांगल्या आखणीच्या अभ्यासात तसे करत नाहीत. दुसरा प्रश्न तुकड्याविषयीच आहे. निदान झाल्यावर उरलेला तुकडा पुढील संशोधनासाठी जपून ठेवणार असतील, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि उपचाराला हो म्हणूनही त्या परवानगीला नाही म्हणता येते. तसेच सही केल्यानंतरही, कोणत्याही दिवशी, कारण न सांगता बाहेर पडता येते. या सर्वांची सरळ उत्तरे मिळाली, अहवालात तीव्र बदल नसले आणि यजमानांना स्वतःला पटले, तर त्यांनी भाग घ्यावा असे मला वाटते. अभ्यासातील रुग्णाचे तोंड ठरलेल्या तारखेला मोजले जाते, चुकला तर फोन येतो, आणि या आजारात नियमित पाठपुरावा हाच निम्मा उपचार आहे. उत्तरे देताना कोणी चिडले किंवा ‘सही करा म्हणजे नंबर लवकर लागेल’ असे म्हणाले, तर सही करू नये.

चिठ्ठीत कोणताही गट निघो, सुपारी थांबवणे आणि व्यायाम हे दोन्ही गटांना करावेच लागतील. सुपारीचीही तलफ असते, ती इच्छाशक्ती कमी म्हणून येत नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन विनामूल्य आहे. बाजारात गोण्या उतरवताना जागे राहण्यासाठी तोंडात काहीतरी लागते, असे माथाडी मंडळी मला सांगतात. त्यासाठी बडीशेप किंवा लवंग सुचवावी तर आग होणाऱ्या तोंडाला तीही झोंबते, म्हणून भाजलेले तीळ किंवा खडीसाखरेचा छोटा खडा बरा. व्यायामासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये, पुढच्या दातांवर जोर येणार नाही अशा रीतीने, दिवसातून पाच-सहा वेळा धरायच्या आणि पेलवेल तशी एकेक काडी वाढवायची. हे एकदा डॉक्टरांकडून समोर करून घ्यावे. पट्टे पूर्णपणे विरघळून तोंड पूर्वीसारखे होईल, असे आश्वासन मी देणार नाही. आग कमी होणे, आहे ते उघडणे टिकणे आणि काही मिलिमीटर मिळवणे इतके साधता येते, आणि पुन्हा भाकरी न कुस्करता खाऊ लागलेल्याला त्या मिलिमीटरांचे मोल कळते. तोंड फारच बंद असेल तर पट्टे कापून तेथे दुसरीकडची ऊती लावण्याची शस्त्रक्रिया करतात, पण तिच्यानंतरही महिनोन्महिने व्यायाम चुकवला की तोंड पुन्हा मिटू लागते. आणखी एक सूचना, जी सहसा कोणी देत नाही: पुढे कधी हर्निया असो की अपघात, कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना तोंड कमी उघडते हे आवर्जून सांगा, कारण श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

आता तुमच्या जबड्याविषयी. कानाजवळच्या सांध्यात हाडांच्या मध्ये एक लहानशी चकती असते. ती किंचित पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना जागेवर येते आणि कट् असा आवाज होतो. दुखत नसेल आणि जबडा अडकत नसेल तर अशा आवाजाला उपचार लागत नाहीत. तो पुष्कळ निरोगी माणसांत असतो. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यांच्या निदानाचे संशोधकांनी १९९२ साली ठरवलेले निकष २०१४ साली सुधारले गेले. त्यांनुसार डॉक्टरांनी गालाचे आणि कानशिलाचे स्नायू बोटाने दाबून, तोंड किती उघडते ते मोजून, आणि दाबल्यावर होणारी वेदना तुमच्या नेहमीच्या दुखण्यासारखीच आहे का हे विचारून निदान करायचे असते. तुमच्याकडे दुखणेच नाही, मग घासण्यासारखे काय आहे? घासलेला दात परत येत नाही. जेथे जबडा वर्षानुवर्षे दुखतो तेथेही २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी व्यायाम, सांधा हलका करण्याच्या क्रिया आणि ताण हाताळण्याच्या मानसोपचाराला पुढे ठेवतात. दात घासू नका. जांभई देताना हनुवटीखाली हात धरा, आणि दिवसा दातावर दात दाबलेले राहतात का याकडे लक्ष द्या. आवाज अचानक बंद होऊन तोंड निम्मेच उघडू लागले किंवा दुखू लागले, तर मात्र दाखवायला जा.

यजमानांबरोबर नव्या तारखेला तुम्ही स्वतः जा. जुने केसपेपर, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि मिलिमीटरांची ती वही बरोबर घ्या, आणि खिडकीवर नाव सांगतानाच म्हणा की आज आम्ही तुकडा तपासणीसाठी आलो आहोत, संशोधनाचा निर्णय अहवाल आल्यावर सांगू.